आल्फ्रेड ब्यूखी : इंजिनाचा दम वाढविणारा अभियंता

मध्यप्रदेश आणि महाराष्ट्र यांच्या सीमेवर, बुऱ्हाणपूर जिल्ह्यात, इच्छापूर नावाचे गाव आहे. टेकडीवरील इच्छादेवीच्या मंदिरामुळे ते खानदेशातील भाविकांच्या परिचयाचे आहे. मालमोटारींच्या चालकांना मात्र ते आठवते इंदूर-इच्छापूर रस्त्यामुळे. दक्षिणेकडून आलेली मालमोटार येथून मध्यप्रदेशात शिरते, बुऱ्हाणपूर मागे टाकते, असीरगडाजवळ सातपुड्याचा घाट चढते, खंडवा आणि सनावद करीत मोरटक्क्याला नर्मदा ओलांडते आणि शेवटी विंध्याचा चढ चढून इंदूरला पोहोचते. दोन पर्वत आणि एक मोठी नदी एवढ्या वाटेत येतात. बुऱ्हाणपूरच्या केळीने भरलेली मालमोटार चढाला लागली की तिच्या इंजिनाची खरी परीक्षा होते. मागे वाहनांची रांग लागते, इंजिन गुरगुरते, काळा धूर निघतो, आणि गाडीला दम नाही असे चालक म्हणतो.

चालकाचा हा शब्द शास्त्राच्या दृष्टीनेही अचूक आहे. इंजिनाला कमी पडतो तो दमच, म्हणजे श्वास. पुरेशी हवा आत न गेल्यामुळे इंधन अर्धवट जळते आणि काजळी होऊन बाहेर पडते. या दुखण्यावरचा उपाय आज प्रत्येक गॅरेजात माहीत आहे. शंखाच्या आकाराचे ते छोटे यंत्र टर्बो या नावाने ओळखले जाते. ज्या माणसाने ते जगाला दिले त्याचे नाव मात्र अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकाबाहेर फारसे घेतले जात नाही. त्याचे नाव आल्फ्रेड ब्यूखी. कल्पना सुचल्यापासून ती उपयोगी ठरेपर्यंत या माणसाने वीस वर्षे वाट पाहिली. त्या वीस वर्षांत तो जे शिकला, तेच जुन्या मालमोटारीला नवा सुपरचार्जर किंवा टर्बो बसवून पहिल्यांदा किल्ली फिरविणाऱ्या प्रत्येकाने शिकायला हवे.

हवा आणि इंधन

इंजिन इंधनावर चालते असे आपण म्हणतो. पण ते अर्धेच सत्य आहे. एक किलो डिझेल पुरते जळण्यास सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. समुद्रसपाटीजवळ एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.२ किलो भरते. म्हणजे एक किलो डिझेलसाठी इंजिनाला जवळजवळ बारा घनमीटर हवा आत ओढावी लागते. टाकीत इंधन कितीही असो, सिलिंडरमध्ये जेवढी हवा मावते तेवढ्याच इंधनाचे काम होते.

मग शक्ती वाढवावी कशी? एक मार्ग म्हणजे इंजिन मोठे करावे. त्याने वजन वाढते. दुसरा मार्ग म्हणजे ते अधिक वेगाने फिरवावे. त्याने झीज वाढते. तिसरा मार्ग म्हणजे त्याच सिलिंडरमध्ये हवा दाबून भरावी. यालाच अधिभरण असे म्हणता येईल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गोटलिब डाइमलर आणि रुडॉल्फ डीझेल या दोघांच्याही मनात हा विचार आला होता. परंतु हवा दाबण्याचा पंप फिरविण्यासाठी इंजिनाचीच शक्ती खर्च होत असे. जो पंप इंजिनाच्या दांड्यावरून पट्ट्याने किंवा दात्यांच्या चाकांनी फिरतो त्याला आपण आज सुपरचार्जर म्हणतो. तो उपयोगी असला, तरी आपले भाडे तो इंजिनाकडूनच वसूल करतो.

दुसरीकडे इंजिन एक मोठी चैन करीत असते. इंधनातील उष्णतेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग कामी येतो, एक तृतीयांश पाणी आणि रेडिएटर यांतून जातो, आणि उरलेला तिसरा हिस्सा तापलेल्या धुरावाटे आकाशात विरून जातो. या वाया जाणाऱ्या धुराकडूनच हवा दाबण्याचे काम करून घ्यावे, हा विचार ब्यूखी यांचा.

विंटरथूरचा मुलगा

आल्फ्रेड ब्यूखी यांचा जन्म ११ जुलै १८७९ रोजी स्वित्झर्लंडमधील विंटरथूर या गावी झाला. आपल्याकडे किर्लोस्करवाडी म्हटले की नांगर आणि पंप डोळ्यांसमोर येतात, तसे त्या काळी विंटरथूर म्हटले की वाफेची इंजिने डोळ्यांसमोर येत. १८३४ साली स्थापन झालेला सुल्झर बंधूंचा कारखाना याच गावचा. आगगाडीची इंजिने बांधणारा दुसरा एक मोठा कारखानाही तेथेच १८७१ पासून उभा होता. आल्फ्रेडचे वडील योहान ब्यूखी सुल्झर कारखान्यात वरिष्ठ अधिकारी होते. त्यामुळे यंत्रांची भाषा मुलाच्या कानांवर लहानपणापासून पडली.

येथे एक योगायोग नमूद करण्याजोगा आहे. ज्या वर्षी आल्फ्रेडचा जन्म झाला, त्याच वर्षी म्युनिकचा एक तरुण विद्यार्थी विषमज्वरामुळे परीक्षेला मुकला आणि पुढच्या परीक्षेची वाट पाहत असताना प्रत्यक्ष काम शिकण्यासाठी विंटरथूरला सुल्झरांच्या कारखान्यात दाखल झाला. तो तरुण म्हणजे रुडॉल्फ डीझेल. डीझेल यांनी पुढे जे इंजिन घडविले त्याला श्वास देणारा माणूस त्या वेळी त्याच गावात पाळण्यात होता. याच सुल्झर कारखान्याने १८९८ साली आपले पहिले डिझेल इंजिन चालविले, तेव्हा ब्यूखी सुमारे एकोणीस वर्षांचे होते.

१८९९ साली ब्यूखी यांनी झुरिक येथील संघीय तंत्रशिक्षण संस्थेत यंत्र अभियांत्रिकीसाठी प्रवेश घेतला आणि १९०३ साली ते पदवीधर झाले. त्यानंतर त्यांनी बेल्जियम आणि इंग्लंड या देशांत काम केले. याच काळात धुरावाटे वाया जाणाऱ्या उष्णतेचा प्रश्न त्यांच्या मनात घर करून बसला.

सव्वीस वर्षांच्या तरुणाचे एकस्व

१६ नोव्हेंबर १९०५ ही तारीख टर्बोच्या इतिहासात पहिली मानली जाते. त्या दिवशीचे जर्मन एकस्व, म्हणजे पेटंट, ब्यूखी यांच्या नावावर आहे. तेव्हा त्यांचे वय अवघे सव्वीस होते. कल्पना अशी होती : मध्यभागी चार धावांचे डिझेल इंजिन, त्याच्या एका बाजूस हवा दाबणारा कॉम्प्रेसर आणि दुसऱ्या बाजूस धुराने फिरणारे टर्बाइन. इंजिनातून सुटलेला तप्त वायू टर्बाइनची पाती फिरवील, त्या फिरण्याने कॉम्प्रेसर चालेल, कॉम्प्रेसर इंजिनात दाट हवा भरील, दाट हवेत अधिक इंधन जळेल आणि त्याचा धूर पुन्हा टर्बाइन फिरवील. या मूळ रचनेत तिन्ही यंत्रे एकाच दांड्याने जोडलेली होती. आजच्या टर्बोत तसे नसते. त्यातील टर्बाइन आणि कॉम्प्रेसर यांचा दांडा स्वतंत्र असतो. इंजिनाशी त्यांचा संबंध केवळ वायूचा. पण मूळ तत्त्व तेच.

चार्ल्स पार्सन्स यांनी १८८४ साली वाफेचे टर्बाइन यशस्वी केल्यापासून युरोपात टर्बाइनचा बोलबाला होता. तेव्हा वाफेऐवजी धूर वापरणे कागदावर अवघड दिसत नव्हते. कागदावर सोपे दिसणारे काम कारखान्यात किती अवघड असते याचा अनुभव मात्र ब्यूखी यांना पुढील वीस वर्षे येणार होता.

अपयशाची वर्षे

१९११ साली सुल्झर कारखान्यात या कल्पनेच्या प्रयोगांना आरंभ झाला. १९१५ मध्ये टर्बो जोडलेले डिझेल इंजिन नमुन्यादाखल तयार झाले. उंचावर हवा विरळ होते आणि विमानाच्या इंजिनाची शक्ती घटते; ती घट भरून काढणे हा या नमुन्यामागचा हेतू होता. पण ते इंजिन भरवशाचे ठरले नाही आणि त्याचे उत्पादन झाले नाही.

अपयशाची कारणे समजून घेण्यासारखी आहेत. पहिले कारण म्हणजे त्या काळातील कॉम्प्रेसर आणि टर्बाइन यांची कार्यक्षमता फार कमी होती. धुरातून मिळालेली शक्ती वाटेतच हरवत असे. दुसरे कारण धातूंचे. लालभडक तापलेल्या वायूत वेगाने फिरणारी पाती दीर्घकाळ टिकतील असे पोलाद तेव्हा सहज मिळत नव्हते. तिसरे कारण अधिक सूक्ष्म होते. इंजिन जुन्याच पद्धतीने चालणारे ठेवून त्यावर केवळ जास्त दाब लादला, तर झडपा, पिस्टन आणि धुराचे नळ हे सारे त्या दाबाशी विसंगत ठरत. धुराच्या वाटेत टर्बाइन आले की धूर तुंबतो. तुंबलेला धूर सिलिंडरमध्ये मागे राहतो. आणि जळका वायू मागे राहिला की ताज्या हवेला जागा उरत नाही. जो उपाय श्वास वाढविण्यासाठी योजला, तोच श्वास कोंडू लागला.

याच सुमारास इतर देशांतही हे काम चालू होते. फ्रान्समध्ये ओग्युस्त रातो यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात विमानाच्या इंजिनासाठी धुरावरचा टर्बो तयार केला. अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी १९१८ साली विमानाचे लिबर्टी इंजिन आणि टर्बो यांची चाचणी थेट पाइक्स पीक या सुमारे १४,००० फूट उंचीच्या शिखरावर नेऊन घेतली. तेथील विरळ हवेत एरव्ही मलूल होणारे इंजिन टर्बो जोडल्यावर जवळजवळ पायथ्याइतकीच शक्ती देऊ लागले. म्हणजे ब्यूखी यांची दिशा चुकीची नव्हती. प्रश्न होता तो रोज, वर्षानुवर्षे, न बिघडता चालणारे यंत्र घडविण्याचा.

१९२५ : दाब नव्हे, मेळ

या प्रश्नाचे उत्तर ब्यूखी यांना सापडले ते शक्ती वाढवून नव्हे, तर आपली अपेक्षा आवरून. मूळ कल्पनेत त्यांनी फार मोठा दाब गृहीत धरला होता. आता त्यांनी बाहेरच्या हवेपेक्षा थोडासाच अधिक दाब घेण्याचे ठरविले आणि सारे लक्ष इंजिन व टर्बो यांचा मेळ बसविण्यावर दिले. १९२५ सालच्या त्यांच्या एकस्वात या मेळाचे मर्म आहे.

त्यातील पहिली युक्ती धुराच्या नळांची. सर्व सिलिंडरांचा धूर एकाच नळात सोडला, तर एका सिलिंडरचा लोट दुसऱ्याच्या तोंडावर आदळतो. ब्यूखी यांनी सिलिंडरांचे गट पाडले आणि ज्यांचे लोट एकमेकांच्या आड येणार नाहीत अशांनाच एका नळावर जोडले. त्यामुळे प्रत्येक लोटाचा जोर न अडता टर्बाइनपर्यंत पोहोचू लागला आणि दोन लोटांच्या मध्ये नळातील दाब खाली उतरू लागला.

दुसरी युक्ती झडपांची. धूर बाहेर सोडणारी झडप मिटण्याच्या आधीच हवा आत घेणारी झडप उघडायची आणि काही क्षण दोन्ही झडपा एकदम उघड्या ठेवायच्या. नळातील दाब खाली असताना दाबलेली ताजी हवा एका झडपेतून शिरून दुसरीतून बाहेर पडते. जाताना सिलिंडर झाडून काढते आणि पिस्टन व झडपा थंड करते. टर्बाइनकडे जाणारा वायूही त्यामुळे थोडा निवतो. जी पाती पूर्वी तग धरीत नव्हती ती आता टिकू लागली. म्हणजेच टर्बो यशस्वी झाला तो इंजिनाची झडप, नळ आणि इंधन या साऱ्यांची नव्याने जुळणी केल्यावर.

दोन जहाजे

१९२३ साली जर्मनीच्या वाहतूक मंत्रालयाने 'प्रॉइसन' आणि 'हान्सेश्टाट डान्झिग' या दोन प्रवासी जहाजांसाठी टर्बो जोडलेली डिझेल इंजिने मागविली. दहा सिलिंडरांच्या या इंजिनांची जोडणी ब्यूखी यांच्या देखरेखीखाली झाली. १९२६ मध्ये ही जहाजे पाण्यात उतरली. एरव्ही १,७५० अश्वशक्ती देणारे इंजिन टर्बोमुळे २,५०० अश्वशक्ती देऊ लागले. त्याच आकाराच्या यंत्राकडून चाळीस टक्क्यांहून अधिक शक्ती मिळाली, आणि तीही आजवर फुकट जाणाऱ्या धुराच्या बळावर. ज्या कल्पनेला एकवीस वर्षे झाली होती ती आता समुद्रावर प्रवासी वाहून नेऊ लागली.

वाफेच्या टर्बाइनसाठी नावाजलेल्या ब्राउन बोव्हेरी या स्विस कंपनीने १९२४ सालीच मोठ्या इंजिनासाठी आपला पहिला टर्बो तयार केला होता. १९२६ मध्ये ब्यूखी, ब्राउन बोव्हेरी आणि विंटरथूरचा आगगाडीची इंजिने बांधणारा कारखाना यांनी मिळून एक संघ स्थापन केला. तो ब्यूखी संघ म्हणून ओळखला जातो. कामाची वाटणी साधी होती. टर्बो बनविण्याचे काम ब्राउन बोव्हेरीचे, चाचणीसाठी इंजिने पुरविण्याचे काम कारखान्याचे, आणि निरनिराळ्या इंजिनांशी टर्बोचा मेळ बसवून ग्राहकांना मार्गदर्शन करण्याचे काम ब्यूखी यांचे. या वाटणीतच त्यांच्या आयुष्यभराच्या अनुभवाचे सार दिसते. यंत्र कोणीही बनवू शकेल. ते दुसऱ्या यंत्राशी जुळवून देणे हे निराळे काम आहे.

जहाजावरून मालमोटारीकडे

जहाजाचे इंजिन तासन् तास एकाच वेगाने चालते. मालमोटारीचे तसे नसते. तिला क्षणात थांबायचे, क्षणात निघायचे, चढावर झुंजायचे असते. त्यामुळे मालमोटारीपर्यंत यायला टर्बोला आणखी काही वर्षे लागली. १९३८ साली स्वित्झर्लंडच्याच झाउरर कंपनीने टर्बो जोडलेले मालमोटारीचे डिझेल इंजिन तयार केले.

१९५२ सालची एक घटना अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे. अमेरिकेतील इंडियानापोलिस येथील पाचशे मैलांच्या शर्यतीत कमिन्स कंपनीची टर्बो जोडलेली डिझेल मोटार उतरली होती. पात्रता फेरीतून तिने शर्यतीच्या प्रारंभरेषेवरील पहिले स्थान मिळविले. पण प्रत्यक्ष शर्यतीत ७१ फेऱ्यांनंतर ती बाद झाली. हवा आत घेणारे तिचे तोंड जमिनीलगत होते आणि रस्त्यावरील टायरांचा चुरा त्यात जाऊन अडकला होता. उत्तम इंजिन हरले ते हवेच्या वाटेत अडकलेल्या कचऱ्यामुळे.

आपल्या देशात १९६२ पासून आलेल्या २,६०० अश्वशक्तीच्या डिझेल रेल्वे इंजिनांवर टर्बो होता. त्याच वर्षी पुण्यास किर्लोस्कर-कमिन्स ही कंपनी स्थापन झाली. किर्लोस्कर उद्योगाचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मूळ बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे, हे या अंकाच्या मराठी आणि कन्नड अशा दोन्ही वाचकांना सांगावयास नकोच. पुढे धुरावरील निर्बंध कडक होत गेले, तसा टर्बो हा मालमोटारीचा नित्याचाच भाग झाला.

आल्फ्रेड ब्यूखी हे सारे काही अंशी पाहू शकले. आयुष्यभर टर्बो आणि इंजिन यांच्या जुळणीचे काम करून २७ ऑक्टोबर १९५९ रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, विंटरथूर येथेच त्यांचे निधन झाले. ज्या गावात जन्म, त्याच गावात अखेर.

गॅरेजातील पहिली किल्ली

एवढे चरित्र सांगितल्यावर त्याचा व्यवहारातील उपयोग सांगितला नाही तर ते अपुरे राहील. रस्त्याकडेच्या गॅरेजांतून जुन्या मालमोटारींना टर्बो बसविले जातात. काम संपते, चार माणसे गोळा होतात, आणि नव्या यंत्राचा जोर पाहण्यासाठी कोणीतरी सेल्फ मारून जोरात रेस देतो. नेमके हेच करू नये. जुळणी होण्यापूर्वीच्या पहिल्या सुरुवातीचा हेतू एकच असतो : तेल फिरते की नाही, गळती आहे की नाही आणि आवाज निकोप आहे की नाही, हे पाहणे. शक्तीची परीक्षा तो दिवस संपल्यावरची गोष्ट आहे.

टर्बोचा दांडा मिनिटाला एक लाखाच्या आसपास फेरे घेऊ शकतो. तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. तेल पोहोचण्यापूर्वीच तो वेगाने फिरला तर बेअरिंग काही सेकंदांत खराब होते. म्हणून आधी इंजिनातील तेल आणि तेलाचा फिल्टर नवा घालावा. टर्बोच्या तेलाच्या तोंडात थोडे स्वच्छ तेल ओतून चाक हाताने फिरवून पाहावे. ते कोठेही न घासता फिरले पाहिजे. तेल परत नेणारा नळ सरळ खाली उतरता हवा. तो मुडपला तर तेल तुंबून सीलमधून हवेच्या किंवा धुराच्या वाटेत शिरते. हवेचा सारा मार्ग उघडून पाहावा. आत राहिलेला एखादा नट किंवा चिंधी पात्यांचा चुरा करते. इंडियानापोलिसची आठवण येथे ठेवावी. एअर क्लिनर बसविल्याशिवाय इंजिन चालू करू नये आणि होज पाइपांच्या साऱ्या क्लिपा घट्ट आहेत हे पाहून घ्यावे.

त्यानंतर गाडी सपाट जागी, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून आणि चाकांना दगड लावून उभी करावी. आग विझविण्याचे साधन हाताशी असावे. इंधन बंद ठेवून दहा-पंधरा सेकंद सेल्फ मारावा, थोडे थांबावे, पुन्हा मारावा. ऑइल प्रेशर दिसू लागेपर्यंत हेच करावे. मगच इंधन सोडून इंजिन चालू करावे आणि काही मिनिटे ते मंद गतीवरच राहू द्यावे. अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावू नये.

डिझेल इंजिनाचा एक धोका विशेष लक्षात ठेवावा. सील गळून तेल हवेच्या वाटेने आत गेले, तर इंजिन त्या तेलावरच भरधाव सुटते. अशा वेळी किल्ली फिरवून किंवा डिझेल बंद करून ते थांबत नाही. हवा तोडावी लागते. यासाठी पहिल्या सुरुवातीला एक माणूस जाड फळी किंवा पत्रा घेऊन हवेच्या तोंडाशी तयार असावा. हात किंवा कापड तेथे कधीही नेऊ नये, कारण हवेची ओढ दोन्ही आत खेचते. इंजिनाचा आवाज हाताबाहेर जाऊ लागला तर बाकीच्यांनी बाजूला व्हावे.

पेट्रोल इंजिनावर पट्ट्याचा सुपरचार्जर बसविला असेल तर सावधगिरी निराळी आहे. दाबलेल्या हवेत इंधन कमी पडले किंवा ठिणगी वेळेआधी पडली, तर सिलिंडरमध्ये ठोके बसतात आणि पिस्टन फुटू शकतो. म्हणून इंधन आणि ठिणगी यांची प्राथमिक जुळणी केल्याशिवाय असे इंजिन चालूच करू नये. केल्यावरही ते मंद गतीच्या पुढे नेऊ नये. पट्टा सरळ रेषेत आणि योग्य ताणाचा आहे, आणि त्याच्याजवळ कोणाचा सैल कपडा नाही, हेही पाहावे.

डिझेल पंपाची जुळणी जाणकार कारागिराकडूनच, मापाची उपकरणे लावून करून घ्यावी. नुसता स्क्रू फिरवून इंधन वाढविले, तर धूर वाढतो, धुराची उष्णता वाढते आणि एखाद्या घाटात पिस्टन वितळतो. शक्ती वाढली की ब्रेक, क्लच आणि गिअर यांच्यावरचा भारही वाढतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील कलम ५२ वाहनाच्या फेरबदलांवर बंधन घालते. त्यामागेही हीच चिंता आहे. शेवटी, इंजिन बंद करताना ते थोडा वेळ मंद चालवूनच बंद करावे. अन्यथा तापलेल्या टर्बोतील तेल जागच्या जागी करपते.

उपसंहार

ब्यूखी यांच्या चरित्रात नाट्यमय प्रसंग थोडे आहेत. त्यांच्या मार्गात दुष्ट प्रतिस्पर्धी नव्हते की मोठे संकट कोसळले नव्हते. होते ते एक हट्टी यंत्र आणि ते समजून घेण्याची तेवढीच हट्टी तयारी. सव्विसाव्या वर्षी त्यांना वाटले होते की दाब वाढविला की शक्ती वाढेल. शेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत त्यांच्या ध्यानात आले की दाबापेक्षा मेळ महत्त्वाचा. या दोन वर्षांमधील अंतर म्हणजे त्यांचे शिक्षण. आपल्यापैकी अनेकांचे पदवीचे शिक्षण तीन-चार वर्षांत संपते. खरे शिक्षण त्यानंतर किती काळ चालते याचा हा नमुना आहे.

आज असीरगडचा घाट चढताना मालमोटारीच्या बॉनेटखालून बारीक शीळ ऐकू येते. ती शीळ धुराने फिरणाऱ्या त्या छोट्या चाकाची. जी मालमोटार ती शीळ घालीत निर्विघ्नपणे इच्छापूरहून इंदूरला पोहोचते, तिच्या मागे कोणा एका मेस्त्रीने पहिल्या दिवशी दाखविलेला संयम असतो. हा संयम प्रथम शिकला तो विंटरथूरच्या एका अभियंत्याने, आणि त्यासाठी त्याने वीस वर्षांची किंमत मोजली. आपल्याला तो दहा मिनिटांच्या मंद गतीत शिकता येतो.